खाल्लेल्या नखांवर सात महिने जेलचा लेप: वापरानंतरचा अनुभव

शाळेत असल्यापासून नखं खायची सवय. वडगावात घरीच ब्लाउज शिवते. उसवायची वेळ आली की दोऱ्याचं टोक नखात धरता यायचं नाही, प्रत्येक टाक्याला सुई घ्यावी लागायची. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की बोटं मिटूनच टेप धरायचे.

पहिल्यांदा गेले ते पुतणीच्या लग्नाआधी, खडेबाजाराकडच्या एका पार्लरात. लांब टिपा, म्हणजे तयार खोटी नखं, गमने चिकटवल्या. चौथ्या दिवशी भाकरीचं पीठ मळताना एक हलली, साडीला पिन लावताना दुसरी निघाली, आणि तिच्यासोबत माझ्या नखाचा पापुद्राही आला. आठ दिवस बोट पाण्यात घालवत नव्हतं. कारण नंतर कळलं. खाल्लेलं नख इतकं आखूड असतं की टिपेला धरायला जागाच नसते. वर ती लांब असली की टोकाला जरा धक्का लागला तरी सगळा जोर मुळाशी येतो.

पुढे टिळकवाडीतल्या एका मुलीकडे गेले. तिने बोटं पाहून कामच केलं नाही. "अक्का, कातडी सोललीय. ही भरू दे, दोन आठवड्यांनी या की." मला तिथेच विश्वास बसला. ओल्या जखमेवर जेल, म्हणजे लॅम्पखाली घट्ट होणारा नखाचा लेप, लावायचं नसतं हे आधीच्या ठिकाणी कुणी बोललंच नव्हतं.

दोन आठवड्यांनी तिने दीड तास घेतला. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाची कातडी, मागे सारलं, बारीक फाइलने फक्त चमक घालवली, नख पुसून कोरडं केलं, मग प्रायमर, म्हणजे जेल धरून राहावं म्हणून लावतात ते. खाल्लेल्या नखापुढे बोटाचं मांस वर आलेलं असतं, त्यामुळे कागदी फॉर्म, म्हणजे नख बांधायला खाली लावतात तो साचा, नीट बसत नाही आणि नख आकाशाकडे बघतं. तिने एका हाताने ते मांस खाली दाबून धरलं, फॉर्म कात्रीने गोल कापून बसवला आणि बिल्डर जेलने, म्हणजे नख बांधायच्या दाट जेलने, बोटाच्या टोकापर्यंतच नख बांधलं. एक मिलिमीटरही जास्त नाही. लॅम्पमध्ये चटका बसतो, पातळ नखाला जास्तच. तेव्हा हात लगेच बाहेर काढायचा, सोसत बसायचं नाही.

दर अडीच-तीन आठवड्यांनी रिफिल, म्हणजे नख वाढून मुळाशी उघडी पडलेली जागा जेलने भरणं. पहिल्या दोन महिन्यांत तीन नखं तुटली. पण जेलवर दात घसरतात, कुरतडायला काही सापडत नाही, तेवढ्यात खालचं नख वाढतं. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर. चौथ्या महिन्यात माझं स्वतःचं नख बोटाच्या टोकाला आलं. तेव्हापासून एक्स्टेंशन, म्हणजे पुढे नख बांधणं, बंद केलं, आता नुसता जेलचा थर असतो.

पावसाळ्यात मात्र जपावं लागलं. करंगळीचं जेल कडेने सुटलं होतं, मी लक्ष दिलं नाही. आत पाणी साचून नखावर हिरवट डाग पडला. तो जंतूंचा असतो, वरून पुन्हा जेल लावून झाकायचा नाही. ते काढून बोट मोकळं ठेवलं, डाग वाढून पुढे गेल्यावर कापून टाकला.

काढतानाही तसंच. ॲसिटोनचा कापूस आणि फॉइल दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, सुटलेलं हलकेच सारायचं. ओढून काढलं की नखाचे थर जातात. मी एकदा भोगलंय.

घरी किट आणायचा विचार असेल तर माझ्या जाऊबाईंचं ऐका. लॅम्प एका कंपनीचा, जेल दुसऱ्या कंपनीचं. आतून कच्चं राहायचं, कातडीलाही लागायचं. तीन महिन्यांत नखांभोवती खाज आणि पुरळ. त्वचेच्या डॉक्टरांनी ॲक्रिलेटची, म्हणजे जेलमधल्या रसायनाची, ॲलर्जी सांगितली. ही सहसा जन्मभर राहते, आणि दातात भरायच्या सिमेंटमध्येही त्याच जातीचं रसायन असतं, म्हणून दातांच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवायचं. मी आता हेमा (ॲलर्जी करणारं त्याच जातीचं रसायन) नसलेलंच जेल मागते आणि बाटलीवर टीपीओ (लॅम्पखाली जेल घट्ट व्हायला घालतात ते रसायन) आहे का तेही बघते. युरोपात 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत ते बंद केलंय.

पैसे लागतात, आणि दीड-दोन तास एका जागी बसावं लागतं. लग्नाला चार दिवस उरले असताना खाल्लेल्या नखांवर लांब टिपा मात्र लावू नका. तीन-चार महिने हातात असतील तर करून बघा.

उजवा अंगठा अजून तोंडात जातो, ऑर्डरी साठल्या की जास्तच. सोमवारी त्याच एका नखासाठी टिळकवाडीला चाललेय. बाकीच्या नऊ बोटांनी काल अख्खी बाही सुई न घेता उसवली.