समुद्रपूरकडची हळद-तिखटाची चक्की: दळण मस्त, तपासणी त्याहून मस्त, पण पावती सुधरवा

आमच्या समुद्रपूर तालुक्यात एका शेतकरी कंपनीनं मसाल्याची चक्की टाकली आहे, दळण चांगलंच आहे, हळद तापू देत नाहीत, पण मी लिहून राहिलो ते तिथल्या रामन मशीनसाठी. हातात मावते एवढं मशीन, पुडी फोडावी लागत नाही, पारदर्शक पन्नीवरूनच लेझर मारतात अन् परत येणाऱ्या उजेडावरून आत काय काय आहे ते ओळखतात.

बाजारातली सुटी हळद नेली होती, पिवळीधम्मक. मशीनवरल्या पोरीनं आधी आमच्या घरच्या वायगाव हळदीचा आलेख दाखवला, करक्युमिनची, म्हणजे हळदीच्या पिवळ्या घटकाची, टोकं आडव्या पट्टीवर १६०० च्या पुढं, मग बाजारातल्या हळदीचा, तर त्यात १४०६ वर एक जास्तीचं टोक चांगलं उभं. "काका, हा मेटॅनिल यलो, कपडे रंगवायचा रंग." खाण्यात त्याला बंदी आहे भाऊ, अन् हेच लेकरांच्या वरणात जाते! आम्ही शेणखत घालून वायगाव पिकवायची अन् भाव खायचा या रंगानं, राग येणार नाही तर काय.

स्वस्तातलं मशीन काहून नाही घेतलं विचारलं, तर म्हणे ७८५ नॅनोमीटरच्या लेझरनं हळद स्वतःच चमकते अन् त्या चमकीत टोकं बुडून जातात, म्हणून १०६४ वालं घेतलं. हळकुंडाला चकाकी आणायला लावलेलं लेड क्रोमेटही यात सापडते, त्यात तर शिसं असते.

आता खटकलं ते. पावतीवर नुसतं "शुद्ध" छापतात. अशा तपासणीत मेटॅनिल यलो साधारण १ टक्क्यापर्यंत धरता येते, त्याच्या खालचं निसटू शकते, अन् तिखटात घालतात तो सुदान नावाचा लाल रंग तर त्याहून कितीतरी कमी असला तरी बेकायदेशीरच. २००५ मधे ब्रिटनमधे सुदान-१ मिसळलेल्या एका तिखटापायी ४०० च्या वर पदार्थ दुकानांतून उचलावे लागले होते. इतकं बारीक पकडायला एचपीएलसीवाली, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी, लॅबच पायजे. मग "१ टक्क्याच्या वर रंग आढळला नाही" असं सरळ छापा ना, गिऱ्हाईक उगाच निर्धास्त होते.

पाचपैकी चार स्टार. तिखट विकत घेऊन तपासत बसण्यापेक्षा भिवापुरी मिरची अख्खी न्या, देठं खुडून, अन् समोर दळून घ्या. बाजाराच्या दिवशी नंबर लय उशिरा लागते, तो दिवस टाळा.