जपानची अभ्यास सहल : एक माग आणि बरीच धावपळ

एमबीएच्या परीक्षांत ‘जिदोका’ची (दोष दिसताच काम तिथेच थांबवायचं, या जपानी उत्पादनतत्त्वाची) व्याख्या मी तीनदा लिहिली होती, एकदा तर पूर्ण मार्क मिळाले होते. समजली मात्र नागोयात, टोयोटाच्या उद्योग व तंत्रज्ञान संग्रहालयात. जुन्या कापड गिरणीच्या विटांच्या इमारतीत टोयोटा उद्योगसमूहाचे संस्थापक साकिची तोयोदांनी १९२४ मध्ये पूर्णत्वाला नेलेला स्वयंचलित माग आहे. धागा तुटला की तो आपोआप थांबतो. म्हणजे सदोष कापड विणलंच जात नाही आणि एकच कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवू शकतो. मोटारीच्या कारखान्यात काही चुकलं की कामगाराने दोरी ओढून उत्पादनाची लाइन थांबवायची, त्यामागचा विचारही हाच. मी तिथे इतका वेळ रेंगाळलो की गट पुढे निघून गेला आणि सरांचे दोन फोन आले.

टोकियो स्थानकावर शिंकान्सेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, सफाई पाहिली. साधारण ७ मिनिटांत अख्खी गाडी चकाचक, सीटसुद्धा उलट दिशेला फिरवलेल्या. घड्याळ लावून बघत होतो!

आता तक्रार. आयोजकांनी एका दिवसात तीन कंपन्या कोंबल्या होत्या. त्यातल्या दोन ठिकाणी नुसत्या स्लाइड्स. त्या घरबसल्याही पाहता आल्या असत्या. आम्ही ३८ जण आणि दुभाषी एकच, मागे बसलेल्यांना काही ऐकूच येत नव्हतं. प्रश्नांसाठी पाच मिनिटं, तीही ग्रुप फोटोत गेली.

पाचपैकी साडेतीन तारे. पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिका मागवा आणि प्रत्यक्ष उत्पादन चालू असलेल्या जागी नेणार का, ते लेखी विचारा.