सोलहून डीएमझेड टूर : भुयार भारी, पण आपली माणसं राहूनच गेली

सोलहून अर्ध्या दिवसाची डीएमझेड (उत्तर आणि दक्षिण कोरियामधला सैन्यमुक्त पट्टा) टूर केली, 5 पैकी 3 स्टार. बस वेळेवर, गाईड हसतमुख, इंग्लिश स्पष्ट. उत्तर कोरियाने सीमेखालून खोदलेलं तिसरं भुयार बघण्यासारखं आहे, हेल्मेट घालून तीव्र उतार उतरायचा, येताना तोच चढ, गुडघे दुखत असतील तर विचार करून जा. डोरा ऑब्झर्व्हेटरीवरून दुर्बिणीतून उत्तर कोरिया दिसतो.

स्टार कापले ते सीमेजवळच्या इम्जिनगाक पार्कला. तिथल्या फ्रीडम ब्रिजवर कुंपणभर रंगीत फिती आणि चिठ्ठ्या बांधल्यात, आणि गाईडने सांगितलं की 1953 ला सुटलेले कोरियन युद्धातले कैदी याच पुलावरून दक्षिणेत आले. बरोबर आहे, पण ज्यांना आपल्या देशात परत जायचंच नव्हतं त्या 22 हजारांहून जास्त कैद्यांचं काय झालं? यावर एक अक्षर नाही! अहो ते सांभाळले आपल्या जवानांनी. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत अशा 5 तटस्थ देशांचं या कैद्यांसाठी कमिशन होतं, अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांवर पहारा ठेवणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख आपले मराठी मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय सैन्याला आपल्या जमिनीवर पाय ठेवू देईनात, म्हणून इंचॉनला आलेल्या जहाजांवरून जवानांना हेलिकॉप्टरने थेट डीएमझेडमध्ये उतरवलं. कैद्यांनी आपल्या एका अधिकाऱ्याला पकडून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः त्या गोटात गेले आणि त्याला सोडवून आणलं. शेवटी 88 कैदी, ज्यांना दोन्हीकडे जायचं नव्हतं, ते भारतात आले.

शस्त्रसंधीवर लक्ष ठेवणारं कमिशन वेगळं, त्यात भारत सोडून तेच चार देश, त्यांची पथकं बंदरांवर जाऊन नवीन शस्त्रं येतायत का बघायची. 1956 ला ती पथकं काढून घेतली, पुढे उत्तरेने चेक आणि पोलिश लोकांना घालवलं, तरी स्विस आणि स्वीडिश अधिकारी आजही पानमुनजोमला (डीएमझेडमधलं शस्त्रसंधी झालेलं ठिकाण) आहेत. आमच्या टूरमध्ये पानमुनजोम नव्हतं, पण निदान बसमध्ये पाच मिनिटं सांगता आलं असतं ना, तेवढा वेळ जिनसेंगच्या दुकानात सहज गेला.

जाणार असाल तर ओरिजिनल पासपोर्ट सोबत ठेवा आणि गाईडला भारतीय फौजेबद्दल मुद्दाम विचारा. सोलचं वॉर मेमोरियलही बघा, फुकट आहे, सोमवारी बंद असतं.