बोरघाट की किर्लोस्कर नांगर?

तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या ऑनलाइन कोर्समधली एक मैत्रीण प्रकल्पासाठी या दोन विषयांत अडकली आहे.

अभ्यासाची साधनं, म्हणजे जुन्या नोंदी आणि कागदपत्रं, पाहिली तर बोरघाट वरचढ. १८६३ साली खुल्या झालेल्या या रेल्वेमार्गाचे बोगदे, ३७ फुटांना एक फूट असा चढ, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेलच्या मृत्यूनंतर पत्नी अ‍ॅलिसने पुढे नेलेलं कंत्राट, सगळं नोंदलेलं आहे. पण जवळपास सगळं इंग्रजीत आणि साहेबाच्या नजरेतून. घाटात मेलेल्या मजुरांचा आवाज त्यात शोधावा लागतो. तेच खरं संशोधन, आणि त्याला वेळ लागतो.

किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची साधनं मराठीत, त्यामुळे मेहनत कमी. मात्र बरीचशी कारखान्याच्याच बाजूची, म्हणून पडताळून घ्यावीत.

चर्चेत मात्र नांगरच रंगतो. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजापायी शेतकरी तो घेत नव्हते. उत्तम अवजारही लोक का नाकारतात, यावर प्रत्येकाकडे बोलायला काही असतं. घरात जुना शेतकरी असेल तर त्याला जरूर विचारा.

हाती महिनाभरच असेल, तर नांगर. पुढे प्रबंध लिहायचा असेल, तर बोरघाट.