थंडीत गाडी मिसिंग मारते: कंपनीचं वर्कशॉप की पंपवाला मिस्त्री?

दिवाळी उरकली, कारखान्याचे बॉयलर पेटले की आमच्याकडच्या उसाच्या गाड्यांची एक तक्रार ठरलेली. पहाटे सेल्फ मारला की इंजिन लागतं, पण स्लोवर, म्हणजे रेस न देता, टिकत नाही; मिसिंग मारतं, म्हणजे एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकतो. केबिन थरथरते, आरशातलं धड दिसत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि तो डोळ्यांना झोंबतो. दहा-पंधरा मिनिटांत सगळं शांत. मग प्रश्न एकच उरतो, गाडी कंपनीच्या वर्कशॉपला लावायची की इंजिनचा डिझेल पंप आणि नोझल (इंजेक्टर) दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे. एकाच थंडीत, एकाच गाडीसाठी मी दोन्हीकडे जाऊन आलो, म्हणून लिहितोय.

गाडी 2018 ची, बीएस-4 (धुराच्या आधीच्या नियमातली), सहा सिलिंडर, कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशी. हंगामात रात्रीची उभी असते ती कारखान्याच्या यार्डात, नंबर येईपर्यंत.

आधी डिझेल गोठल्याची गोष्ट बाजूला ठेवू, कारण यार्डात शेकोटीभोवती हेच निदान पहिलं निघतं. हिवाळ्यात पंपावर मिळणाऱ्या डिझेलसाठी आयएस 1460 या मानकात घट्ट होण्याची मर्यादा 3 अंश आणि फिल्टर तुंबण्याची 6 अंश आहे. परभणीचा पारा एखाद्या पहाटे 6 च्याही खाली जातो, कबूल. पण टाकीतलं दोन-अडीचशे लिटर डिझेल हवेइतकं चटकन गार होत नाही. आणि थंडीने डिझेलमध्ये मेण धरलंच तर गाडी सहसा लोडवर दम टाकते, स्लोवर थरथरून आपोआप बरी होत नाही. रॉकेल मिसळायचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. रॉकेलला वंगण कमी, आजचे हायप्रेशर पंप त्याने खरवडले जातात.

वर्कशॉपची बाजू लंगडी नाही. स्कॅनर लावला की रेलचं प्रेशर, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरला ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) किती कमी-जास्त डिझेल देतोय, हे पडद्यावर दिसतं. इंजेक्टर बदलला तर त्याचा कोड ईसीएममध्ये भरावा लागतो, ते मिस्त्रीला बहुधा जमत नाही. बिल पक्कं मिळतं. वॉरंटीतली गाडी असेल तर मग विचारच नको.

पण एका गोष्टीने माझा जीव खाल्ला. वर्कशॉप यार्डापासून साठेक किलोमीटर. पहाटे थरथरणारी गाडी तिथे पोचेपर्यंत तापून लोण्यासारखी चालायला लागलेली. गेटवर नोंद, मग जॉबकार्ड, मग आधीच्या दोन गाड्या. साडेअकराला पोरगा लॅपटॉप घेऊन चढला. सहाही इंजेक्टरचे आकडे एका ओळीत, बिघाडाचा कोड एकही नाही. "गाडी ओके आहे, मालक." मी म्हटलं, पहाटे बघा हिला. तो म्हणाला, आम्ही नऊला उघडतो.

दुसऱ्या खेपेला मी अंधारातच निघालो. तरी साठ किलोमीटर ते साठच किलोमीटर. गाडी रात्रभर आत ठेवतो म्हटलं तर वर्कशॉपच्या आवारात रात्री गाडी ठेवायची परवानगी नाही म्हणाले. शेवटी सुपरवायझरने तोडगा काढला, "एकदा सहाही इंजेक्टर बदलून पाहू." किमतीचं वाईट वाटलंच, पण जास्त खटकलं ते त्यातलं "पाहू". पाहायचं त्यांनी, पैसे माझे, आणि तेवढ्यात दोन फेरे बुडाले ते वेगळेच.

मग परभणीतल्या मिस्त्रीकडे गेलो. बारा-पंधरा वर्षं नोझल-पंपाचंच काम, दुकान म्हणजे एक शटर, आत नोझल टेस्टर आणि डिझेलने काळा झालेला ओटा. त्याने बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. "तापलेली गाडी आणून काय उपयोग? रात्रीची इथंच राहू द्या, सकाळी बघू तिच्याकडं."

पहाटे पावणेसहाला तो मफलर गुंडाळून आला. हातात पाण्याचा तांब्या. गाडी चालू केली, पुरती गदगदायला लागली. थोड्या वेळाने त्याने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) एकेका तोंडावर बोटाने दोन-दोन थेंब शिंपडले. ज्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही तिथलं तोंड गार राहतं, पाणी चर्र करत नाही. आमच्याकडे सहाही ठिकाणी चर्र झालं, कुठे आधी, कुठे जरा उशिरा. पुन्हा शिंपडलं तर उशिरा वाजणारं तोंड आता वेगळंच. "एक नोझल मेलं असतं तर रोज तेच तोंड गार राहिलं असतं. हिला हवा लागतीय कुठून तरी."

इंजिन बंद करून त्याने फिल्टरकडे येणाऱ्या लाइनमध्ये हातभर पारदर्शक नळी जोडली. पुन्हा सेल्फ. नळीतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक. टाकीकडून येणाऱ्या होजवर (रबरी नळीवर), क्लिपच्या अगदी काठाशी, बारीक चीर होती. ही बाजू ओढीची, म्हणजे पंप टाकीतून डिझेल खेचतो तिथली. अशा जागी गळून ओलं होत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून पुसून-पुसून पाहिलं तरी आम्हाला कुठे काही सापडलं नव्हतं. रात्रभरात लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरायचं, थंडीने कडक झालेलं रबर चीर उघडी ठेवायचं, आणि इंजिनच्या उबेने रबर मऊ झालं की ती मिटायची. होज, दोन क्लिपा, सोबत फिल्टरच्या नटाखालचे तांब्याचे वायसर, आणि हातपंपाने हवा काढली. हजाराच्या आत भागलं. उरलेला हंगाम गाडी पहाटे एका हाकेत उठली.

आता मिस्त्रीची दुसरी बाजू. बिल नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी फोन लागत नाही. "अर्ध्या तासात" म्हणजे जेवण करून, झोप काढून. हे मला चालतं, तुम्हाला चालेलच असं नाही.

आणि एक गोष्ट मात्र पारखूनच गाडी द्या. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत चालू इंजिनवर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून कुठलं सिलिंडर काम करत नाही ते ओळखायची पद्धत होती, आणि तिथे ती बरोबरही होती. कॉमन रेलवर कुणी पाना घेऊन तसं करायला गेला तर तिथूनच गाडी वळवा. त्या पाइपात हजार-दीड हजार बारपर्यंतचं प्रेशर असतं, डिझेलची धार कातडीतून आत जाते. माझ्या मिस्त्रीने त्या पाइपांना हातच लावला नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो तिथेच पटला.

गाडी तापल्यावरही थरथरत असेल, डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा लागलेला असेल किंवा निळा धूर असेल, तर मी तरी वर्कशॉपकडे झुकेन. पण थरथर फक्त पहाटेची आणि दिवा नाही, तर आधी हवा, होज, फिल्टर आणि सेपरेटरमधलं (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातलं) पाणी, आणि त्यासाठी गाडी रात्रभर दारात ठेवून घेणारा माणूस.

गेल्या डिसेंबरात धाकट्या भावाच्या बीएस-6 गाडीने पहाटे तेच सुरू केलं, वर दिवाही लागला. ती वर्कशॉपलाच नेली, पण दुसऱ्या, रात्री गाडी ठेवू देणाऱ्या, आणि आदल्या संध्याकाळी. गेटवरच्या पहारेकऱ्याने विचारलं, नंबर उद्याचा आहे तर आजच का आणली? भाऊ म्हणाला, गार व्हायला.