बेसबॉल-रेफरन्स: पिचरची सुरुवातीची वर्षं बघायची असतील तर

क्लब क्रिकेटच्या सामन्यांची स्कोअरर म्हणून मी बरीच वर्षं वह्या भरल्या आहेत. नावारूपाला आलेला खेळाडू काय सगळ्यांनाच दिसतो. त्याला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा तो कुठे आणि कसा खेळत होता, हे बघायची मला जास्त ओढ. बेसबॉलच्या पिचरबाबत, म्हणजे तिथल्या गोलंदाजाबाबत, ही हौस पुरी करणारी माझ्या पाहण्यातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे बेसबॉल-रेफरन्स ही वेबसाइट. शॉन फोरमन यांनी 2000 साली ती सुरू केली. जाहिरातींवर चालते, त्यामुळे खेळाडूंची पानं फुकटात बघता येतात.

नव्या माणसाला मी जेकब डीग्रॉम या पिचरच्या पानापासून सुरुवात करायला सांगते. वरच्या भागातच कळतं, की 2010च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी फेरीफेरीनं नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, न्यूयॉर्क मेट्सनी त्याला नवव्या फेरीत घेतलं, कॉलेज स्टेट्सन. नवव्या फेरीतल्या मुलाकडे फारसं कुणी बघत नाही. खाली मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च पातळीचा, मोठा तक्ता 2014पासून सुरू होतो आणि घाईतला वाचक तिथेच रमतो. तिथे रमू नका. मायनर लीगच्या, म्हणजे त्याखालच्या पातळ्यांवरच्या, नोंदींची वेगळी लिंक असते, ती दाबा.

पहिली ओळ 2010ची. किंग्सपोर्टचा संघ, रुकी म्हणजे नवख्यांची पातळी, 6 सामने, ईआरए 5.19. ईआरए म्हणजे पिचरच्या खात्यावर नऊ इनिंगमागे किती धावा लागल्या त्याचा हिशेब. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत. पाचाच्या वरचा आकडा बघून या मुलाकडून कुणी फार अपेक्षा ठेवली नसती. मग 2012मध्ये सवाना, तिथे ईआरए 2.51, आणि त्याच मोसमात एक पायरी वर सेंट लुसी. 2013मध्ये बिंगहॅम्टनहून थेट लास वेगास, आणि आकडा पुन्हा साडेचारच्या आसपास. इथे लीगचा रकाना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. लास वेगासचा संघ तेव्हा पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये होता. या लीगमधली काही मैदानं उंचावर, काही ठिकाणची हवा कोरडी, त्यामुळे चेंडू लांब जातो आणि पिचरचे आकडे फुगतात. संघ, पातळी, वय, लीग हे सगळं एकाच ओळीत असल्यामुळे हा तक्ता मला इतका आवडतो. पिचर घसरला की फक्त जागा बदलली, हा विचार आपसूक सुरू होतो.

मेजर लीगमधल्या एकेका सामन्याची नोंदही उघडता येते. 15 मे 2014, डीग्रॉमचा पहिला सामना, समोर यांकीज. सात इनिंग, एकच धाव दिली, आणि मेट्स 1-0ने हरले. त्या मोसमात मेट्सच्या एकाही पिचरला तोवर स्वतः फलंदाजी करताना हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणं, जमला नव्हता; तो या नवख्या पोरानं मिळवला. पहिला विजय मात्र जूनच्या उत्तरार्धात लागला. वर्षअखेर 9 विजय, 6 पराभव, ईआरए 2.69, 140.1 इनिंगमध्ये 144 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक देऊन बाद केलेले फलंदाज), आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित. (140.1 म्हणजे 140 इनिंग आणि एक आउट. आपण 4.2 षटकं लिहितो ना, तसंच.)

आता उणीव. तक्त्यात 2011 सालच नाही. त्याच्या कोपरावर टॉमी जॉन (कोपराचा फाटलेला स्नायुबंध नव्यानं बसवण्याची) शस्त्रक्रिया झाली होती आणि ते वर्ष सावरण्यात गेलं. त्याच काळात योहान सांताना हा मोठा पिचरही दुखापतीतून सावरत होता आणि त्यानं डीग्रॉमला चेंजअप, म्हणजे फलंदाजाला फसवणारा हळू चेंडू, शिकवला. कॉलेजात डीग्रॉम मुळात शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, पिचिंगकडे वळला तो अगदी शेवटी. त्याच्या जडणघडणीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि तक्त्यात त्याचा मागमूस नाही. निदान गाळलेल्या वर्षापुढे एक ओळ तरी हवी होती. माझा अर्धा तारा इथे जातो.

सँडी कोफॅक्स या जुन्या दिग्गज पिचरचं पान नेमकं उलटं. त्याला मायनर लीगची ओळच नाही. त्या काळी करार करताना ठरावीक रकमेहून जास्त बोनस घेणाऱ्या नवख्याला दोन वर्षं मुख्य संघात ठेवणं सक्तीचं होतं. कोफॅक्सला 14,000 डॉलर मिळाले होते, त्यामुळे तो 1955मध्ये थेट ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि शिकला तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. 1960पर्यंत 36 विजय, 40 पराभव. वॉकचा (भरकटलेल्या चार चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेल्या बेसचा) रकाना बघताना जीव कासावीस होतो. मग 1961मध्ये 18 विजय, 269 स्ट्राइकआउट, आणि 1962पासून सलग पाच वर्षं लीगमधला सर्वांत कमी ईआरए. ते आकडे ठळक टाइपात छापलेत. वरून खाली वाचत आलं की अंगावर काटा येतो.

जे कधीच मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत, त्यांचीही पानं इथे आहेत, याबद्दल मला या साइटचं फार कौतुक वाटतं. भालाफेक करणारी उत्तर प्रदेशातली दोन मुलं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, 2008मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी करारबद्ध केली. 2009मध्ये दोघंही गल्फ कोस्ट लीग या नवख्यांच्या मायनर लीगमध्ये खेळले. पटेलच्या ओळी लवकर संपतात, सिंग पुढे वेस्ट व्हर्जिनियाच्या मायनर लीग संघापर्यंत जातो. मोजक्याच ओळी, पण दिग्गजांच्या पानावर असतात तेच रकाने आणि तशीच काटेकोर नोंद.

मोबाइलवर बघणार असाल तर फोन आडवा धरा, रकाने फार आहेत. स्टॅटहेड नावाची सशुल्क शोधसेवा जोडीला आहे. "पहिल्या दहा सामन्यांत अमुक इतके स्ट्राइकआउट कुणाचे" असले प्रश्न पडत असतील तरच ती घ्या. एका पिचरचा प्रवास वाचायला तिची गरज नाही. पाचपैकी साडेचार.