साकुरा वॉर्स नेमका कुठून सुरू करायचा: १९९६ चा पहिला, न्यूयॉर्कवाला की २०१९ चा?

साकुरा वॉर्स खेळायचाय असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न लगेच येतो, नेमका कुठला? कारण सेगाच्या या जपानी व्हिडिओ गेम सिरीजमध्ये १९९६ पासून सहा मुख्य गेम झालेत, त्यावर ओव्हीए (टीव्हीवर न येता थेट व्हिडिओवर निघणारे अॅनिमे), टीव्ही सिरीज, पिक्चर, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, आणि १९९७ पासून सुरू झालेले स्टेज शो, ज्यात गेममध्ये आवाज देणारे कलाकार स्वतः त्या त्या पात्राच्या वेशात उभे राहून गायचे, नाचायचे, आणि थिएटर भरायचं. पण जपानी येत नसेल आणि इंग्रजीवर भागवायचं असेल तर सुरुवात करायला खरे पर्याय तीनच उरतात: १९९६ चा सेगाच्या सॅटर्न कन्सोलवरचा पहिला गेम, प्लेस्टेशन २ वरचा न्यूयॉर्कवाला 'सो लाँग, माय लव्ह', आणि पीएस४ वरचा २०१९ चा. माझं मत आधीच सांगतो, जमत असेल तर पहिलाच घ्या. का ते खाली आहे, आणि कोणी घेऊ नये तेही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. १९२० च्या दशकातलं टोकियो, पण सगळं वाफेवर चाललेलं. शहरावर राक्षसी शक्तींचे हल्ले होतात, आणि त्यांच्याशी लढणारी गुप्त तुकडी गिंझामधल्या एका मोठ्या थिएटरच्या आड लपलेली. तुकडीतल्या मुली एरवी स्टेजवर नाटक आणि गाणी करतात, भोंगा वाजला की 'कोबू' नावाच्या वाफेवर चालणाऱ्या चिलखती यंत्रांत बसून लढायला जातात. कल्पना ओजी हिरोईंची, कॅरेक्टर डिझाइन कोसुके फुजिशिमांचं, संगीत कोहेई तानाकांचं. थिएटरच्या कल्पनेमागे जपानची ताकाराझुका मंडळी आहेत, जिथे १९१४ पासून पुरुषांच्या भूमिकासुद्धा बायकाच करतात.

आता मुद्द्याचं. या सिरीजचा जीव मारामारीत नाहीये, बोलण्यात आहे. संवाद चालू असताना समोर दोन-तीन उत्तरं येतात आणि बाजूला वेळ संपत जाताना दिसते, तेवढ्यात निवडायचं. काहीच निवडलं नाही आणि वेळ संपली तर ते गप्प बसणंही उत्तर म्हणून धरलं जातं, आणि काही ठिकाणी गप्प बसणंच बरोबर असतं. याला लिप्स सिस्टिम म्हणतात. समोरच्या मुलीला तुमचं बोलणं पटलं की नाही हे तिथल्या तिथे कळतं, आणि जिचा तुमच्यावर विश्वास बसलाय ती पुढच्या लढाईत जास्त ताकदीने लढते. म्हणजे गप्पा वेगळ्या आणि लढाई वेगळी असं नाही, एकाचा हिशोब दुसऱ्यात लागतो. तिन्ही गेम तोलताना मी हेच बघतो, की हा धागा किती घट्ट आहे.

पहिल्या गेममध्ये तो सगळ्यात घट्ट आहे. हिरो इचिरो ओगामी, नौदलातला तरुण अधिकारी. गुप्त तुकडीचं नेतृत्व मिळणार म्हणून छाती फुगवून येतो, उएनो पार्कमध्ये साकुरा शिंगुजी त्याला घ्यायला येते, थिएटरमध्ये गेल्यावर दारू पिऊन बसलेले थिएटरचे मॅनेजर योनेदासाहेब भेटतात, आणि याला काम काय मिळतं तर दारात उभं राहून तिकीटं फाडायचं! मला ही सुरुवात फार आवडते, कारण त्या मुलींचा कॅप्टन व्हायच्या आधी तुम्ही त्यांच्या थिएटरमधले नोकर असता. रात्री थिएटरमध्ये फेरी मारायची, कोण कुठे आहे ते बघायचं, कोणाशी बोलायचं ते ठरवायचं, सगळ्यांना भेटायला वेळ पुरत नाही. प्रत्येक भाग टीव्हीवरच्या अॅनिमेसारखा, शेवटी पुढच्या भागाची झलकसुद्धा आहे.

लढाई चौकटींवर, आळीपाळीने. त्यात ओगामीकडे एक कमांड आहे, दुसऱ्याला वाचवायची. कोणावर वार येणार असेल तर हा मध्ये उभा राहून तो अडवतो, पण हे मोजक्याच वेळा करता येतं, त्यामुळे कोणाला वाचवायचं हे ठरवावं लागतं. ज्या मुलीशी आदल्या रात्री तासभर बोललात तिच्यासाठी ती कमांड वापरताना काय वाटतं ते खेळल्याशिवाय कळायचं नाही.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. या गेमची अधिकृत इंग्रजी आवृत्ती कधी आलीच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये चाहत्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आलं, ते सॅटर्नच्या जपानी आवृत्तीला पॅच म्हणून, म्हणजे मूळ गेमच्या फाइलवर चढवून, लावायचं, आणि मग खऱ्या सॅटर्नवर किंवा एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर सॅटर्नची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) खेळायचं. एम्युलेटर लावायची सवय नसेल तर एक संध्याकाळ त्यातच जाईल. ग्राफिक्स १९९६ चे, लढाया संथ. आणि काही सीन आज खटकतात, बाथरूमच्या दारापाशी ओगामीचे पाय आपोआप पुढे जातात तो सीन तर चाहत्यांमध्ये प्रसिद्ध आहे, मला तो तेव्हाही नको वाटला आणि आताही नको वाटतो. घरच्यांसमोर खेळणार असाल तर लक्षात असू द्या.

'सो लाँग, माय लव्ह' हा मुख्य मालिकेतला पाचवा, जपानमध्ये २००५ ला आला आणि अमेरिकेत २०१० ला. इंग्रजीत अधिकृतपणे आलेला मुख्य मालिकेतला पहिला गेम हाच. गोष्ट १९२८ च्या न्यूयॉर्कमध्ये, हिरो ओगामीचा भाचा शिंजिरो ताइगा, टीम पूर्ण नवीन, त्यामुळे आधीचे चार खेळले नसतील तरी काही अडत नाही. टेक्सासहून घोडा घेऊन आलेली जेमिनी सनराइज, हार्लेममधली वकील चेरॉन आर्चर, अशी पात्रं आहेत. इथे चौकटी नाहीत, ठरावीक शक्ती असते ती हलण्यात, मारण्यात, बचावात वाटून खर्च करायची, शिवाय यंत्रं उडतात, आणि दोन मुलींशी पटत असेल तर एकत्र हल्ला करता येतो. लढाई म्हणून तिघांत हाच सगळ्यात सरस आहे माझ्या मते. विकत घेताना एक बघा, पीएस२ च्या अमेरिकन आवृत्तीत इंग्रजी आणि जपानी आवाजाच्या वेगवेगळ्या डिस्क येतात, निन्टेंडोच्या विई कन्सोलवरच्या आवृत्तीत फक्त इंग्रजी डब. शक्य असेल तर पीएस२ वाला घ्या, जपानी आवाजात फरक पडतो. कमी काय तर शिंजिरोवर सगळे इतके वैतागलेले असतात आणि तो इतका माफी मागत असतो की पहिले काही तास दमायला होतं.

२०१९ चा मिळायला आणि चालवायला सगळ्यात सोपा, पीएस४ नसेल तर पीएस५ वरही चालतो. दिसायला जबरदस्त आहे, मुख्य पात्रांचं डिझाइन 'ब्लीच' या मांगावाल्या टिटे कुबोंचं, संगीत पुन्हा तानाकांचंच, आवाज जपानी आणि खाली इंग्रजी सबटायटल. साल १९४०, टोकियो, पॅरिस, न्यूयॉर्क या तिन्ही शहरांच्या जुन्या टीम दहा वर्षांपूर्वी गायब झाल्यात, गिंझाचं थिएटर कर्जात, आणि तिथे सेइजुरो कामियामा नावाचा नवीन कॅप्टन येतो. थिएटरमध्ये हिंडायला मजा येते, टीममधल्या मुलींसोबत हानाफुदा पत्त्यांचा कोई-कोई खेळता येतो, त्यात वेळ कसा जातो कळत नाही.

पण लढाई अॅक्शन केलीये. बटणं दाबत शत्रूंच्या झुंडी कापत जायचं. विश्वासाचा परिणाम इथेही आहे, पण एवढ्या धडाधडीत तो जाणवतच नाही, आणि कोणाला वाचवायचं हा विचार करायची वेळच येत नाही. माझी खरी तक्रार तीच आहे. दिसणं, आवाज, थिएटर सगळं चांगलं केलं आणि ज्या धाग्यावर हे सगळं उभं होतं तोच सैल सोडला.

अजून एक, थिएटरची मॅनेजर म्हणून जी सुमिरे कान्झाकी भेटते ती पहिल्या गेममधली तीच गर्विष्ठ श्रीमंत मुलगी, जिच्या घरच्या कंपनीत कोबू बनायचे. तिला आवाज देणाऱ्या मिचिए तोमिझावा २००२ मध्ये या भूमिकेतून निवृत्त झाल्या होत्या, त्या निमित्ताने खास ओव्हीए काढला होता, आणि २०१९ मध्ये त्याच परत आल्या. जुनं माहीत असेल तर तिचं प्रत्येक वाक्य जड लागतं. माहीत नसेल तर ती नुसती थिएटरची मॅनेजर, बाकी काही नाही.

मग कोणी काय घ्यावं? व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं आणि संवाद वाचत पुढे जायचे गेम, यांची सवय असेल, जुने ग्राफिक्स चालत असतील, तर पहिला, डोळे झाकून. स्ट्रॅटेजी आवडत असेल आणि पीएस२ किंवा विई हाताशी असेल तर न्यूयॉर्कवाला. नोकरी-धंद्यातून वेळ कमी, एम्युलेटरची कटकट नको, वाचायचा कंटाळा, तर २०१९ चाच घ्या, तो वाईट गेम नाही, फक्त पूर्ण सिरीजचा अंदाज त्यावरून बांधू नका.

फक्त अॅनिमे बघून भागेल का असंही विचारतात. २००० ची टीव्ही सिरीज मॅडहाउस स्टुडिओची, २५ भागांची, पहिल्या गेमची गोष्ट साकुराच्या बाजूने सांगते, मूड गंभीर आहे, ती स्वतंत्रपणे बघता येते. २००१ चा पिक्चर प्रॉडक्शन आय.जी.चा, दिसायला सुंदर, पण पात्रं ओळखीची असतील तरच बघण्यात अर्थ, तो कोणाची ओळख करून देत बसत नाही. २०२० ची १२ भागांची थ्रीडी सिरीज २०१९ च्या गेमनंतर घडते, त्यामुळे गेम खेळायचा असेल तर आधी ती लावू नका. मोबाइलवरचा साकुरा रेव्होल्यूशन शोधायच्या भानगडीत पडू नका, डिसेंबर २०२० ला आला आणि जून २०२१ मध्ये बंदही झाला.